गाळलेला भाग

"तुझे ते प्रबोधनकाळातले पंडित करायचे तरी काय गं?" आयर्लंडमधल्या लिमरिकच्या घरात पोळ्या लाटता लाटता आईने विचारलं.

"जुन्या ग्रीक नीतिग्रंथांतली वचनं वेचायचे. कोणी, कुणाला, का लिहिलं, ते गाळायचे," युरोपच्या प्रबोधनकाळावरच्या प्रबंधात बुडालेली भार्गवी म्हणाली.

"म्हणजे तुझ्या बाबांसारखेच! सोयीचं तेवढंच ऐकायचे," आई हसली.

दुसऱ्या दिवशी आई अत्यवस्थ झाली. दोन तासांवरच्या वॉटरफोर्डला डॉक्टर असलेले बाबा फोनवर म्हणाले, "ड्यूटी संपली की निघतो." ते पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला बाबांनी पाहुण्यांना भार्गवीच्याच प्रबंधातलं एक वचन ऐकवलं, "शोकालाही मर्यादा हवी." सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाबांना आजवर उलटून न बोललेली भार्गवी उभी राहिली.

"यातलं गाळलेलं मी सांगते. हे एका ग्रीक माणसाने बायकोला लिहिलं होतं. त्यांची लहानगी वारली तेव्हा तो परगावी होता. सगळं तिनेच निभावलं. जो घरी नव्हता, त्यानेच मर्यादा शिकवायची का? आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, बाबा."