चांगोचं नाव

"गोदे, तू पायलंस ना त्याला? मंग एवढंच सांग. त्यानं आग लावली तवा माजा म्हातारा निजलेला व्हता, का जागा व्हता?"

बुधीनं विचारलं आणि गोदाचा कोयता थांबला. ओढ्याच्या काठी तिघी कडूकंदाच्या चकत्या करत बसल्या होत्या. म्हातारी बुधी, गोदा आणि चिंधी. चकत्या टोपलीत भरून वाहत्या पाण्यात ठेवायच्या, कडूपणा उतरला की शिजवायच्या. वाडीत दुसरं खायला काही उरलं नव्हतं. पुरुष भिवपुरीला वीजघराच्या कामावर दगड वाहायला गेले होते. कशेळ्याच्या वर डोंगरात असलेल्या त्या ठाकरवाडीचं वर्षाचं भात खळ्यावर जळून गेलं होतं. राखणीला निजलेला बुधीचा नवरा, हिरामण, त्यातच गेला.

आग चांगोनं लावली, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. मळणी झाली म्हणून त्या रात्री सगळेच प्यायले होते. चांगो तर खळ्याजवळच पडला होता. सकाळी फौजदार आला, खालच्या गावचा पाटील येसाजी आला. सगळ्यांना आंब्याखाली बसवलं. कुणी केलं, असं पाटलानं विचारलं. वाडी एका तोंडानं म्हणाली, चांगोनं. त्याला दोर बांधून कर्जतला नेलं. तेव्हापासून त्याच्या बायकोशी, कोंडीशी, कुणी बोलत नव्हतं. ती नवऱ्याला एकदाही भेटायला गेली नव्हती. आत्ताही ओढ्याच्या खालच्या अंगाला, त्यांच्याकडे पाठ करून, ती एकटीच आपले कंद चिरत होती.

गोदा म्हणाली, आपण काही पाहिलं नव्हतं. आपल्याला चिंधीनं सांगितलं होतं.

बुधीनं चिंधीकडे बघितलं. चिंधी गोंधळली. तिनंही पाहिलं नव्हतं. ती खळ्यावर पोचली तेव्हा बुधीच ऊर बडवून सांगत होती, चांगोनं जाळलं माझ्या म्हाताऱ्याला. ज्याचं माणूस गेलं तीच सांगते म्हटल्यावर चिंधी आणखी काय विचारणार होती?

"मी?" बुधी म्हणाली. "मी घरात व्हते. वरडा ऐकून धावले. जो तो चांगोचं नाव घेत व्हता. म्हून मला वाटलं, त्यानंच केलं."

"पयलं कोन वरडलं?" चिंधीनं विचारलं.

गोदानं कोयता खाली ठेवला. तिचा चेहरा उतरला होता.

"मीच," ती म्हणाली. "त्यो आगीच्या तोंडाशी पडला व्हता. जळंल म्हून त्याला उठवाया हाका मारल्या, चांगो, चांगो. मंग बाकीची माणसं बी तेच वरडाया लागली."

चिंधी हळूच म्हणाली, आंब्याखाली बसली असताना ती वाट बघत होती. ज्यानं पाहिलं तो आता उठेल आणि सांगेल, असं तिला वाटत होतं. कुणी उठलं नाही, तेव्हा तिला वाटलं, सगळ्यांनाच ठाऊक आहे, मग सांगायचं कशाला. गोदालाही तसंच वाटलं होतं. फौजदारासमोर, पाटलासमोर, एवढ्या माणसांत उठून विचारायचं तरी काय?

बुधी उठली आणि कोंडीकडे गेली. म्हातारी जवळ आलेली बघून कोंडी मार खायच्या तयारीनं उभी राहिली. बुधीनं तिला सगळं सांगितलं. कोंडी रडली नाही.

"मी बी मानलं, आये," ती म्हणाली. "माजा नवरा, तरी मानलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे चौघी कर्जतला निघाल्या. कचेरीच्या आवारात उन्हात बसून राहिल्या. दुपारी फौजदारानं त्यांना आत बोलावलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, खटला उभा राहील तेव्हा हेच सांगा, पण उपयोग होईल असं धरून चालू नका. त्या माणसानं गुन्हा कबूल केला आहे. मारझोड करावी लागली नाही, धाकही दाखवावा लागला नाही. पहिल्याच दिवशी तो आपणहून हो म्हणाला.

नवऱ्याला एकदा भेटू द्या, असं कोंडी म्हणाली.

शिपायानं त्यांना कोठडीपाशी नेलं. चांगो भिंतीला टेकून बसला होता. गालफडं बसली होती. कोंडीला बघून त्यानं मान फिरवली. तू हो का म्हणालास, असं तिनं विचारलं. पुन्हा विचारलं. मग तो हळूहळू बोलला. त्या रात्रीचं त्याला काहीच आठवत नव्हतं. आंब्याखाली त्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं होतं. सगळी आपलीच माणसं. त्यात कुणी त्याचं वाईट चिंतणारं नव्हतं. ती सगळी सांगतात म्हणजे आपणच केलं असणार. आपल्याला आठवत नाही, एवढंच. इथं आल्यापासून डोळे मिटले की त्याला स्वतःच्या हातात जळती काडी दिसायची. आता तर ते आठवतंय असंच वाटायला लागलं होतं.

गोदानं त्याला हाकांचं सांगितलं. कुणीच काही पाहिलं नव्हतं, हेही सांगितलं. सांगताना ती गजांना कपाळ टेकून रडली.

चांगो उठला. भिंतीचा आधार घेत पुढं आला. त्यानं कोंडीकडे बघितलं नाही, गोदाकडेही नाही. तो बुधीसमोर येऊन थांबला.

"मंग आये," त्यानं विचारलं, "म्हातारा माज्या हातनं नाय मेला?"