हॅसलथर्पची शीव

"हॅसलथर्प? असलं आडनाव असतं होय? तुझ्या आजोबांनी पबमध्ये बसून रचलंय ते!" शेजारचा क्लेमंट नेहमी चिडवायचा. या आडनावाची आता मी एकटीच उरले होते.

यंदा गावकऱ्यांबरोबर गावाच्या शिवेची वार्षिक फेरी घालताना मेंढ्यांच्या कुरणात मी दगडाला अडखळले. शेवाळ खरवडलं, तर कोरलेलं दिसलं : हॅसलथर्प. शेकडो वर्षांपूर्वी प्लेगात उजाड झालेल्या गावांपैकी एक. आमच्या आडनावाचं गाव!

"वाच की आता!" मी क्लेमंटला म्हणाले. त्यानं टोपी काढली.

शिवेच्या दगडावर काठी हाणून गावाचं नाव पुकारायचा आमच्याकडे रिवाज आहे. मी हाणली. छाती फुगवून पुकारलं, "हॅसलथर्प!"

उत्तरादाखल गवताखालून काठी वाजली. मग दुसरी. मग कुरणभर.

"चल, घरी चल," क्लेमंट पुटपुटला.

"घरीच तर आलेय," मी म्हणाले आणि पुन्हा काठी उचलली.