वय वर्षं अठरा

मुलगी खुर्चीत बसलीच नाही. जन्माचा दाखला टेबलावर ठेवून ती म्हणाली, "मॅडम, मला अठरा पूर्ण झालेली नाहीत. गेल्या सत्तावीस डिसेंबरला सतरा झाली."

बालगृहाच्या अधीक्षिका तिच्या मागे अवघडून उभ्या होत्या. त्यांच्या हातात बालगृहांचं काम बघणाऱ्या याच सरकारी ऑफिसातून गेलेली जानेवारीची यादी होती. अठरा पूर्ण झालेल्यांनी महिनाअखेर बालगृह सोडायचं, असा नियम. यादीत मुलीचं नाव होतं आणि पुढे वय वर्षं अठरा. तिची शाळेची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

यादी काढणारा प्रोग्राम टेबलामागे बसलेल्या बाईंनीच चार वर्षांपूर्वी एकहाती लिहिला होता. त्याआधी अधीक्षिका वह्या चाळून बोटांवर महिने मोजायच्या. तो सगळा घोळ आपण निस्तरला याचा बाईंना अभिमान होता. मुलीची समजूत घालायची म्हणून त्यांनी दाखल्यावरची तारीख ताडून पाहिली. ती बरोबर होती. संगणकातलीही बरोबर होती. उत्तर मात्र अठराच येत होतं.

मग त्यांनी एक साधी चाचणी घेतली. डेटाबेसला विचारलं, एकतीस डिसेंबर ते एक जानेवारी, किती वर्षं? उत्तर आलं, एक.

तारखांमधला फरक काढणारं ते फंक्शन वाढदिवस बघतच नव्हतं. मधे कॅलेंडरचं वर्ष किती वेळा बदललं, एवढंच ते मोजत होतं. त्याच्या हिशोबी एकतीस डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्याच दिवशी वर्षाचं होत होतं. म्हणूनच सगळी मुलं जानेवारीतच अठराची होत होती. एकाच वेळी सगळ्यांना निरोप देता येतो, बरं पडतं, असं अधीक्षिका दरवर्षी म्हणायच्या.

दुरुस्ती एका ओळीची होती. जन्मतारखेत अठरा वर्षं मिळवायची आणि येणारी तारीख उलटून गेली का ते पाहायचं. बाईंनी ती ओळ लिहिली. मुलीचं नाव यादीतून गेलं. मुलीने पडद्याकडे दोनदा पाहिलं, दाखल्याची काळजीपूर्वक घडी घातली आणि अधीक्षिकांसोबत निघून गेली. आभार मानायला ती थांबली नाही, आणि बाईंना तेच बरं वाटलं.

मग त्यांनी जुन्या याद्या काढल्या. चार वर्षांत एकशे बारा मुलं वेळेआधी बाहेर पडली होती. कोणी दोन महिने आधी, कोणी अकरा.

ऑफिसच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या याद्या नीट काढा म्हणाले. झालं ते उकरून काय मिळणार, चौकशी लागली तर पहिलं नाव तुमचंच येईल, हेही त्यांनी काळजीच्या सुरात सांगितलं. बाईंनी मान डोलावली. जागेवर येऊन दोन तास काहीच केलं नाही. मग वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहिलं, चूक कशी झाली ते सांगितलं, एकशे बारा नावं जोडली आणि खाली सही केली. मनावरचं ओझं थोडं उतरल्यासारखं वाटलं. निदान चूक लक्षात आल्याबरोबर आपण गप्प बसलो नाही.

मुलांना आपल्याच तोंडून कळवायचं त्यांनी ठरवलं. सुरुवात पहिल्याच वर्षीच्या यादीतल्या एका मुलापासून केली. त्याचा जन्म तीस डिसेंबरचा, म्हणजे जवळजवळ अख्खं वर्ष बुडालेलं. त्याच्या फायलीत एका गॅरेजचा नंबर होता. तो अजून तिथेच काम करत होता.

बाईंनी ओळख दिली, चूक कबूल केली. अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायचं असेल तर जमेल ती सगळी मदत करीन म्हणाल्या. पलीकडे हातोड्याचे ठोके ऐकू येत होते. बाईंना राहवलं नाही. इतक्या वर्षांत हे एकाच्याही लक्षात कसं आलं नाही, असं त्या म्हणाल्या.

"माझ्या आलं होतं," तो म्हणाला. "बालगृहातून निघायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या ऑफिसात फोन केला होता. माझे तीनशेचौतीस दिवस बाकी आहेत, मोजून सांगितलं. एक मॅडम म्हणाल्या, बाळा, तुझं गणित कच्चं असेल, कॉम्प्युटरचं नसतं."

बाईंनी विचारलं, कोण होत्या त्या, नाव आठवतंय का.

"नाव नाही विचारलं मी," तो म्हणाला. "पण आवाज हाच होता."