एकमताने

"मतमोजणीने उगाच कटुता येते," माईकवर दादासाहेब म्हणाले. "आमचा भाचा शंतनू एकमताने युवा आघाडीचा अध्यक्ष!"

टाळ्या पडल्या. दुसरी उमेदवार हेमांगी टेबलावरच्या सीलबंद मतपेटीकडे बघत राहिली. लोकशाही आधी आपल्या उदारमतवादी पक्षात हवी, हे भाषण दादासाहेबांचंच. ते खरं मानून तिने दोन वर्षं कॉलेजं पालथी घातली होती, आज सकाळपासून साडेतीनशे पोरं मतदानाच्या रांगेत उभी केली होती.

शंतनू संस्थापकांच्या तसबिरीला हार घालायला गेला. हात पुरेना. कुणीतरी मतपेटी खाली ठेवली; तो बुटांसकट तिच्यावर चढला. पेटी डगमगली, आत चिठ्ठ्या सळसळल्या.

"हेमांगी, बघतेस काय? धर ना!" दादासाहेब खेकसले.

तिने वाकून पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.