शेवटच्या तुकड्यावर जोर

डिसेंबरातलं दुपारचं ऊन सेक्टर दोनच्या क्वार्टरमागच्या अंगणात असं पसरलं होतं, की कुणालाही डुलकी लागावी. गुलाबराव बाजेवर उशीला टेकून बसले होते. जन्मभर प्लांटच्या धडधडाटावर आवाज चढवून बोललेला माणूस! चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून तोंडातून एक शब्द नाही. समजायचं मात्र सगळं.

शेजारी त्यांची मुलगी प्रणिता बाबांचा हात मांडीवर घेऊन फ्रेंच घोकत होती. मंगळवारी तोंडी परीक्षा. तिच्या मॅडम म्हणायच्या, शब्दाचे तुकडे पाड, सगळ्यांना सारखं वजन दे, शेवटचा तेवढा लांबव. बाबांच्या तळव्यावर बोटानं ठोके देत ती अर्धवट झोपेत म्हणत होती, "शो-को-लाऽ. शो-को-लाऽ."

कितव्यांदा तरी ती "शो-को" म्हणून जांभई द्यायला थांबली.

"लाऽ," गुलाबराव म्हणाले.

"आई! बाबा बोलले!"

अन्नपूर्णाबाई पिठाच्या हातानं धावत आल्या. "काय म्हनले?"

"चॉकलेट. फ्रेंचमधे."

"अव माय! घरची बोली सोडून?" त्या हसल्या, आणि हसता हसताच बाजेच्या कडेला बसून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी नवऱ्याचा तळवा आपल्याकडे ओढला. "मले पन सांग. ठोके कसे देऊन राहिली होती तू?"

"तुझं नाव घेऊ ना. अन्-न-पूर्-णाऽ. चार ठोके."

"नाव नको वो. छत्तीस वर्सात त्यायनं मले नावानं हाक नाही मारली."

त्या जरा लाजल्या. मग तळव्यावर दोनच ठोके दिले. "अ-वोऽ."

ड्युटीवरून आले की गुलाबराव फाटकातूनच तशी हाक द्यायचे. आता ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा दोन ठोके. पुन्हा. ऊन हळूहळू भिंतीवर चढलं. प्रणिताचं पुस्तक आपोआप मिटलं. आतून वरण करपल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही.

"अ…" गुलाबरावांनी दम घेतला. मान ताठ केली. "वोऽऽ!"

त्यांचा हात हातात तसाच धरून, बसल्या जागेवरूनच अन्नपूर्णाबाईंनी ओ दिली, "आली जी, आली!"