रिकामा डबा

मैत्रिणीने डबा उघडला, तर आत काहीच नव्हतं.

आख्खा वर्ग जिला ‘भोंगा’ म्हणतो, त्या डबा आणणारीच्या तोंडून आवाजच फुटेना. घरी ओट्यावर दोन सारखेच डबे. भरलेला तिथेच राहिला आणि घासलेला दप्तरात आला! चित्रकलेच्या सामानात वजनाचाही पत्ता लागला नाही.

मैत्रिणीचे बाबा जाऊन सोळा दिवस झाले होते. तेव्हापासून तिची आई, म्हणजे काकू, भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. भोंगा रोज गरमागरम डबा आणायची. काकू दोन घास चिवडायच्या, की पुन्हा भिंत. डबा जड यायचा, जडच परत जायचा. ‘मीठ जास्त पडतंय का गं माझं?’ घरी भोंग्याची आई रोज विचारायची. भोंग्याला काही म्हणता काही कळत नव्हतं. आणि आज तर हे!

इतकी शांतता ऐकून काकूंनीच मान वळवली. आधी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“तुमच्याकडे काही शिजलं नाही आज?”

“नाही... म्हणजे हो... म्हणजे काकू, झालं काय...”

“आई बरी आहे ना तुझी? तू जेवलीस?”

“नाही अजून.” हे मात्र खरं होतं.

काकू उठल्या. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या. तिसऱ्या काडीला गॅस पेटला.

“कांदे कुठे ठेवलेस गं? एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!”

आईची बोलणी खाऊन मैत्रीण चक्क हसत होती. डोळे मात्र भरलेले. भोंगा आणखीनच चक्रावली.

काकूंनी अंडी फोडली, भात टाकला, तीन ताटल्या मांडल्या. तिसरी स्वतःसाठी. घास घेता घेता भोंग्याला म्हणाल्या, “लाजू नकोस, वाढून घे.” उरलेलं सगळं त्यांनी डब्यात भरलं. “आईला दे. म्हणावं, मी उद्या येते बघायला.”

आता मात्र भोंग्याला राहवेना. “काकू, खरं सांगू का, आमच्याकडे...”

मैत्रिणीने असा चिमटा काढला की वाक्य घशातच अडकलं. ती तिला ओढतच दाराबाहेर घेऊन आली.

“अगं, चिमटे काय काढतेस? माझी आई धडधाकट आहे! ओट्यावर भरलेला डबा पडलाय! आता घरी काय सांगू मी?”

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मैत्रीण क्षणभर तो ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, “उद्यापण रिकामाच आण.”