चार लिंबं

गेवराईच्या नाथानं जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तिला टर्बो बसवला, सायलेन्सर बदलला आणि चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगून टाकलं, "दोनशे हॉर्सपॉवर हाय!" कुणालाच पटेना. मग गाडी रोलरवर जागच्या जागी पळवून तिची ताकद मोजणारं मशीन बीडच्या एका गॅरेजात आल्याचं कळताच तो बायको संगीताला शेजारी बसवून तिथं पोचला.

मोजणी सुरू होणार, तेवढ्यात संगीतानं पिशवीतून चार लिंबं काढून चारी चाकांखाली एकेक ठेवलं.

"अगं, हे इंजिनाचं काम हाय, लिंबाचं न्हाई!" मेकॅनिकसमोर नाथा पार ओशाळला.

"असू द्या. आपलं काय जातंय?"

चाकं फिरली, लिंबं चिरडली आणि स्क्रीनवर आकडा आला, एकशे बारा.

"बघ! तुझ्या लिंबाच्या रसानं चाकं घसरली!" नाथा खेकसला. स्वतःच्या रुमालानं त्यानं रोलर लख्ख पुसला, टायर पुसले आणि बिनलिंबाची गाडी पुन्हा पळवायला लावली.

एकशे आठ.

मेकॅनिक छताकडं बघत राहिला. संगीतानं पदर तोंडाला लावला.

गेवराईत शिरताच नाथानं बाजारापाशी गाडी थांबवली आणि लिंबूवालीसमोर जाऊन उभा राहिला. तिनं विचारलं, "किती देऊ, दादा?"

 

"चार लिंबांनी चार हॉर्सपॉवर वाढली, मावशी. दोनशेला ब्याण्णव कमी पडतीय. तेवढी दे."